लांब, आखूड, लांब, आखूड

दिवस पहिला : आखात

नवरा मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर आहे. कंपनीची परवानगी काढून मी या सफरीला त्याच्याबरोबर निघाले खरी, पण पहिल्या आठवड्यात त्याने माझ्या एकाही प्रश्नाला धड उत्तर दिलं नाही. चीफ ऑफिसरला झोपायला वेळ मिळत नाही, तर बायकोशी बोलायला कुठून मिळणार? शेवटी म्हणाला, "चार ते आठच्या वॉचला, म्हणजे माझ्या पाळीला, ब्रिजवर ये, जहाज चालवतात त्या खोलीत. जे विचारायचं ते तिथे विचार. पण कोपऱ्यात उभी राहा आणि कशालाही हात लावू नकोस."

तेव्हापासून पहाटे चार आणि दुपारी चार, असे माझे दोन वेळचे फेरे सुरू झाले.

जहाज १८० मीटर लांब, पोटं रिकामी. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीतून वर माँट्रियलपर्यंत जाऊन धान्य भरायचं होतं. आज पहाटे कॅबटची सामुद्रधुनी मागे टाकून आम्ही सेंट लॉरेन्सच्या आखातात शिरलो. दिवसभर पाणी, आभाळ आणि रडारवर दोन-चार ठिपके. सांगण्यासारखं काही घडलं नाही, संध्याकाळची भोंग्याची चाचणी सोडली तर.

नदीत शिरण्याआधी सुकाणू, इंजिनाला हुकूम पोचवणारा टेलिग्राफ, भोंगा सगळं तपासून नोंदवहीत लिहावं लागतं. मी नेमकी ब्रिजच्या बाहेर, उघड्या बाजूला उभी होते. नवऱ्याने बटण दाबलं आणि माझ्या छातीचा पिंजरा थरथरला. कानाने ऐकायच्या आधी तो बरगड्यांना ऐकू आला म्हटलं तरी चालेल. आत आले तर सगळे गंभीर चेहऱ्याने समोर बघत होते. सुखानी, म्हणजे सुकाणूचं चाक धरणारा खलाशी, तेवढा म्हणाला, "वहिनी, सांगायला हवं होतं ना तुम्हाला." सांगायचं नाही असंच ठरलेलं असणार.

मग भिंतीवर लावलेला तक्ता वाचत बसले. टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे, अंमल १५ जुलै १९७७ पासून. त्यात भोंग्याची अक्षरं दोनच : आखूड म्हणजे साधारण एक सेकंद, लांब म्हणजे चार ते सहा सेकंद. एक आखूड : मी उजवीकडे वळतोय. दोन आखूड : डावीकडे वळतोय. तीन आखूड : माझं इंजिन उलट चालतंय. पाच किंवा जास्त, भराभर : तुझं काय चाललंय ते मला कळत नाही, किंवा तू करतोयस ते पुरेसं वाटत नाही.

"म्हणजे सगळं सांगणंच आहे. विचारणं कुठेच नाही?"

"मोकळ्या समुद्रात भोंगा कुणाला विचारत नाही. करतोय ते सांगतो आणि सुटतो. चॅनेलमध्ये मात्र विचारावं लागतं."

चॅनेल, म्हणजे चिंचोळा जलमार्ग. तिथे पुढच्या जहाजाने थोडी जागा करून दिल्याशिवाय मागच्याला ओव्हरटेक करता येत नसेल, तर मागच्याने आधी परवानगी मागायची. दोन लांब, एक आखूड : तुमच्या उजवीकडून पुढे जाऊ का? दोन लांब, दोन आखूड : डावीकडून जाऊ का? पुढच्याला मान्य असेल तर त्याने उत्तर द्यायचं : लांब, आखूड, लांब, आखूड. मनात शंका असेल तर पाच आखूड. परवानगीचा प्रश्न आणि त्याला उत्तर अशी जोडी सगळ्या तक्त्यात एवढीच.

मला ते उत्तर ऐकायचं होतं. नवऱ्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "मी सतरा वर्षांत तीनदा ऐकलंय. बघ तुझं नशीब."

आणखी एक मजेची गोष्ट कळली. जहाज जेवढं मोठं तेवढा आवाज खर्जातला असावा, असा नियमच आहे. २०० मीटर आणि त्याहून लांब जहाजाच्या भोंग्याचा मूळ स्वर ७० ते २०० हर्ट्झमध्ये. ७५ ते २०० मीटरवाल्याचा १३० ते ३५० मध्ये. त्याहून लहान असेल तर २५० च्या वर. आवाज किती लांब पोचावा तेही ठरलेलं : सगळ्यात मोठ्यांचा दोन सागरी मैल, आमच्यासारख्यांचा दीड. म्हणजे डोळे मिटूनही समोरचा केवढा आहे याचा अंदाज यावा. आमचा भोंगा साधारण मधल्या फळीतल्या गवयासारखा.

दिवस दुसरा : धुकं

पहाटे चारला ब्रिजवर आले तर समोरच्या काचा पांढऱ्या. आधी वाटलं काचांवर वाफ धरलीय. मग लक्षात आलं, बाहेर काही उरलेलंच नाही. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, ब्रिजपासून सुमारे १५० मीटर पुढे असते. ती दिसत नव्हती, आणि दोन क्रेनच्या पलीकडचं डेकही दिसत नव्हतं.

कॅप्टन रात्रीपासून वरच होते. वेग उतरवलेला, इंजिन कुठल्याही क्षणी हुकूम पाळेल असं तयार ठेवलेलं. भोंगा घड्याळावर लावला होता : दोन मिनिटांच्या आत एक लांब. चालत्या जहाजाची धुक्यातली खूण ती. इंजिन थांबवून नुसतं तरंगत असाल तर दोन लांब, मध्ये साधारण दोन सेकंदांची फट.

तक्त्यातले एक-दोन-तीन आखूड धुक्यात वापरायचेच नसतात, हे मला आज कळलं. जहाजं एकमेकांना डोळ्यांनी दिसत असतील तेव्हाचे ते इशारे. रडारवर दिसणं म्हणजे दिसणं नव्हे. विचार केला तर बरोबरच आहे. "मी उजवीकडे वळतोय" असं न दिसणाऱ्याला सांगून त्याने काय समजावं? कोण वळतंय, कुठून, कुणाच्या उजवीकडे?

एरवी ब्रिजचं दार बंद असतं. बंद ब्रिजवर बाहेरचा आवाज आत आणायला चारी दिशांना मायक्रोफोन असतात आणि आत स्पीकर. आज ते तर चालू होतेच, शिवाय कॅप्टननी दोन्ही बाजूंची दारं उघडायला लावली. सगळे गारठले, पण कुणी हूं की चूं केलं नाही. पहाऱ्याचा नियम 'डोळ्यांनी आणि कानांनी' असं स्पष्ट म्हणतो, त्यामुळे एक खलाशी बाहेर फक्त ऐकायला उभा होता. माझ्यासारखीला एवढंच काम जमण्यासारखं, म्हणून मीही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

पाच-सव्वापाचला मला ऐकू आलं. एक लांब, दोन आखूड. अगदी बारीक, उजव्या अंगाने.

मी आत धावले. "उजवीकडे! एक लांब दोन आखूड!"

खलाशी माझ्या मागोमाग आला आणि म्हणाला, डावीकडून. नवऱ्याने रडारकडे बघितलं. डाव्या नाळेकडे दोन मैलांवर एक ठिपका आणि त्याच्या मागे दुसरा, दोघांचा वेग एकच. टग, म्हणजे ओढणारी छोटी दणकट बोट, आणि तिने ओढलेला बार्ज, म्हणजे मालाचा तराफा. म्हणजे माझा कान शंभर अंशांनी चुकला होता आणि मला तर शपथेवर सांगावं एवढी खात्री होती. धुक्यात हवेचे गार-उबदार थर असतात, आवाज त्यातून वाकतो, कुठे मोठा होतो, कुठे गडप होतो. जवळचा भोंगा ऐकू येत नाही आणि लांबचा कानाशी वाजतो. म्हणून आवाज ऐकला की नियम दिशा शोधायला सांगतच नाही. पुढच्या अंगाने कुठूनही आल्यासारखा वाटला आणि धोका नाही याची खात्री नसेल, तर वेग एवढा उतरवा की जहाज जेमतेम सुकाणूला ऐकेल. गरज पडली तर थांबा.

एक लांब दोन आखूड याचा अर्थही एकच नाही. शिडाची होडी, मासेमारी, ओढणारी टग, काबूबाहेर गेलेलं जहाज, खोल बुडाचं म्हणून वळू न शकणारं जहाज, सगळ्यांना हीच खूण. अर्थ एवढाच घ्यायचा, की समोरचा तुमच्या वाटेतून सहज बाजूला होऊ शकत नाही, सांभाळायचं तुम्हाला आहे. ओढलेल्या शेवटच्या बार्जवर माणूस असेल तर तो टगच्या पाठोपाठ एक लांब तीन आखूड देतो. आम्ही कान लावून बसलो, तीन आखूड आले नाहीत. बार्जवर माणूस नव्हता.

दुपारी धुकं विरळ झालं, संध्याकाळी पुन्हा दाटलं. आणि दाटलं तेही नेमकं प्वँत-ओ-पेरच्या समोर. नकाशात दक्षिण किनाऱ्याजवळ बुडालेल्या जहाजाची खूण आहे. कॅप्टननी मला बोलावून त्यावर बोट ठेवलं. "एम्प्रेस ऑफ आयर्लंड."

२९ मे १९१४. क्वेबेकहून लिव्हरपूलला निघालेलं प्रवासी जहाज, माणसं १,४७७. इथे पायलट, म्हणजे नदीची वाट माहीत असलेला वाटाड्या, उतरवून ते समुद्राकडे निघालं. समोरून कोळशाने भरलेलं स्टॉर्स्टाड नावाचं नॉर्वेचं जहाज वर येत होतं. दोघांनी एकमेकांचे दिवे स्वच्छ पाहिले. आणि मग मध्ये धुक्याचा पट्टा आला.

एम्प्रेसचे कॅप्टन हेन्री केंडल यांनी इंजिन उलट चालवून तीन आखूड दिले. पलीकडून एक लांब आला. जहाज थांबल्यासारखं वाटल्यावर केंडलनी दोन लांब दिले : मी थांबलोय. केंडल धरून चालले होते की आपण उजव्या-उजव्या अंगाने पार होणार. स्टॉर्स्टाडवाले धरून चालले होते की डाव्या-डाव्या. धुक्यात असताना स्टॉर्स्टाड उजवीकडे वळलं आणि रात्री दोनच्या सुमारास त्याची नाळ एम्प्रेसच्या उजव्या कुशीत घुसली. १४ मिनिटांत जहाज तळाला. १,०१२ माणसं गेली. टायटॅनिकची चौकशी करणारे लॉर्ड मर्सी याही चौकशीला होते. त्यांच्या आयोगाने दोष स्टॉर्स्टाडच्या माथी मारला, नॉर्वेच्या चौकशीने तो मानला नाही.

मला राहून राहून वाटत राहिलं, की त्या रात्री भोंगे तर वाजत होते. दोन्ही बाजूंना ऐकूही येत होते. पण प्रत्येकाने ऐकलेला भोंगा आपल्या डोक्यातल्या चित्रात नेऊन बसवला.

आमचा भोंगा दर दोन मिनिटांनी वाजत होता. रात्री खोलीत पडले तरी पुढचा कधी येतो याची वाट बघत जागी. झोप लागली असेल ती दोन भोंग्यांच्या मधल्या फटीत.

दिवस तिसरा : लेझेस्कुमँ ते क्वेबेक

एम्प्रेसच्या काळी पायलट दक्षिण काठावर चढत-उतरत. आता ते उत्तर काठावर, लेझेस्कुमँला चढतात आणि इथून वर पायलट घ्यावाच लागतो. आमचे पायलट दोराच्या शिडीवरून आले, पाठीवर पिशवी, पिशवीत स्वतःचा संगणक. पन्नाशीपुढचे, कमी बोलणारे. जहाजाची माहिती लिहिलेला कागद वाचला, सुकाणू किती वेळात वळतं ते विचारलं आणि काचेपाशी जाऊन उभे राहिले ते तसेच, जवळजवळ दहा तास.

सागने नदीच्या मुखाशी देवमासे दिसतात म्हणून हंगामात इथे जहाजांना वेग १० नॉटच्या, म्हणजे ताशी १० सागरी मैलांच्या, आत ठेवायची विनंती असते. सक्ती नाही. आमचे पायलट पाळतात. तादुसाकच्या समोर पांढऱ्या बेलुगांच्या पाठी दिसल्या. मला आधी लाटांचा फेस वाटला.

खरी गंमत त्यापुढे. इल-ओ-कूद्र बेट मागे टाकलं की ऑर्लिअन्स बेटापर्यंत 'त्राव्हर्स दु नोर' नावाचा खोदलेला मार्ग लागतो. वरून बघाल तर नदी अवाढव्य आहे, पलीकडचा काठ निळसर दिसतो. पण खोल पाण्याची पट्टी सुमारे ३०० मीटर रुंद. बाकी सगळं दिखाऊ पाणी. दोन्ही बाजूंना बोये, म्हणजे वाटेच्या तरंगत्या खुणा, उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला हिरवे. आपल्याकडच्या बंदरात शिरताना याच्या बरोब्बर उलट असतं. जग या बाबतीत दोन भागांत वाटलं गेलंय, दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स एकीकडे आणि उरलेले दुसरीकडे. सुखानी म्हणाला, "वहिनी, इथे पहिल्या दिवशी मला उजव्या हाताचा लाल बोया बघून घामच फुटला होता."

चॅनेलचा पहिला नियम साधा : उजव्या कडेला जितकं सुरक्षितपणे राहता येईल तितकं राहा. साधा, पण पाळायला अवघड. कारण कड आपल्याला नीट राहू देत नाही. काठाच्या फार जवळ गेलं की जहाज आणि काठ यांच्यामधलं पाणी जोरात धावतं, तिथला दाब घटतो आणि मागचा भाग काठाकडे ओढला जातो. नाळ मात्र पुढे दाटलेल्या पाण्यामुळे काठापासून दूर ढकलली जाते, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या वाटेत. शिवाय उथळ पाण्यात वेग घेतला की जहाज खाली बसतं, आणि ते बसणं वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं. वेग अर्धा केला की बसणं साधारण चौथ्या हिश्श्यावर येतं. आम्ही रिकामे, त्यामुळे तळाची चिंता कमी. पण रिकामं जहाज म्हणजे वाऱ्याला पत्र्याची भिंत.

समोरून भरलेलं जहाज आलं. लांबून दोन्ही नाळी एकमेकींवर रोखलेल्या. मी श्वास धरला. पायलट शांतपणे "स्टारबोर्ड फाइव्ह", म्हणजे सुकाणू उजवीकडे पाच अंश, म्हणाले, सुखानीने "स्टारबोर्ड फाइव्ह, सर" म्हणत चाक फिरवलं, काटा पाचावर आल्यावर परत एकदा सांगितलं. तेही जहाज तसंच सरकलं. मग ते आमच्या डाव्या अंगाने गेलं, एवढ्या जवळून की त्याच्या ब्रिजवरच्या माणसाच्या हातातला कप दिसला. दोघांपैकी कुणीच भोंगा दिला नाही. पायलट रेडिओवर फ्रेंचमध्ये दोन वाक्यं बोलले होते, तेवढंच.

संध्याकाळी क्वेबेकसमोर नांगर टाकला. माँट्रियलचा धक्का अजून रिकामा व्हायचा होता.

दिवस चौथा : शिडाची होडी आणि सरोवर

पहाटे नदीवर पुन्हा हलकं धुकं, पण आता आम्ही नांगरावर. नांगरावरच्या जहाजाची भाषा वेगळी. दर मिनिटाला सुमारे पाच सेकंद नाळेवरची घंटा भराभर वाजवायची आणि १०० मीटर किंवा जास्त लांबी असेल तर लगेच मागच्या टोकाला गाँग, तोही पाच सेकंद. गाँगचा आवाज घंटेशी मिसळणार नाही असाच हवा. ऐकणाऱ्याला कळतं की इकडे एक टोक आहे, तिकडे दुसरं, आणि मधून जायचा विचार करू नये. कुणी जवळ येतंय असं वाटलं तर आखूड-लांब-आखूड असा भोंगाही देता येतो. घंटेला आज एक तरुण खलाशी होता. सुरुवातीला त्याने उत्साहाने झोडपली, अर्ध्या तासाने त्याचा हात पाच सेकंद भरायच्या आधीच थकायला लागला. आठ वाजता धुकं उठलं तेव्हा सगळ्यात आनंद त्याला झाला.

दुपारी नवे पायलट आले आणि नांगर वर आला. हे पायलट बोलके. मी वहीत लिहितेय बघून त्यांना चेव चढला. भोंग्यांची गोष्ट काढली तर म्हणाले, वर ग्रेट लेक्समध्ये अमेरिकेच्या हद्दीत गेलात तर हाच एक आखूड भोंगा वेगळं बोलतो : 'तुम्हाला माझ्या डाव्या अंगाला ठेवून जायचा माझा विचार आहे.' आणि समोरच्याला पटलं तर त्याने तोच परत द्यायचा. म्हणजे तिथे प्रत्येक गाठीभेटीत आधी विचारपूस. रेडिओवर बोलणं पक्कं झालं असेल तर भोंगा नाही दिला तरी चालतं, हेही त्यांच्या अंतर्गत नियमात लिहिलेलं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत अशी सूट नाही. "तरी आम्ही रेडिओच वापरतो," असं म्हणून ते हसले.

क्वेबेकच्या पुलाखालून वर आलो आणि काही वेळाने उजव्या कडेच्या बोयांजवळ पांढरं शीड दिसलं. छोटी होडी, आठ-नऊ मीटरची. ती चॅनेलबाहेर राहिली असती तर काही प्रश्न नव्हता, तिला तिथे भरपूर पाणी होतं. पण वारा समोरून होता आणि ती नागमोडी वर चढत होती. आणखी एक वळण, की नेमकी आमच्या समोर.

मला वाटायचं शिडाला सगळ्यांनी वाट द्यायची. मोकळ्या पाण्यात इंजिनवाला शिडाला वाट देतोच. चॅनेलमध्ये मात्र फासा उलटा पडतो : २० मीटरपेक्षा लहान होडीने आणि शिडाच्या कुठल्याही होडीने, ज्या जहाजाला चॅनेलबाहेर जाताच येत नाही त्याची वाट अडवायची नाही. आम्ही थांबायचं म्हटलं तरी किती अंतरात थांबणार? उजवीकडे वळायचं म्हटलं तर चिखल.

होडी वळली. चॅनेलकडे.

पायलट बटणावर. पाच आखूड, भराभर, एकमेकांच्या पाठीवर बसल्यासारखे. होडीतल्या माणसाने मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि हात हलवला. आनंदाने. लहान मुलं आगगाडीला हलवतात तसा. नवरा दाताखाली काहीतरी पुटपुटला, ते मी लिहीत नाही.

पायलटनी आणखी पाच दिले आणि "डेड स्लो अहेड", म्हणजे पुढे पण अगदी हळू, सांगितलं. या वेळी हात खाली आला. दोन सेकंद तो माणूस नुसता उभा राहिला, मग एकदम वाकला. शीड फडफडायला लागलं, होडीच्या मागे पाणी घुसळलं, म्हणजे इंजिन सुरू झालं. होडी गर्रकन फिरून बोयांच्या पलीकडे गेली. आम्ही तिच्या बाजूने गेलो तेव्हा मी वरून बघितलं : खाली एक बाई दोन्ही कानांवर हात धरून बसली होती. मला आखातातली संध्याकाळ आठवली आणि तिची दया आली.

देशाम्बोच्या पुढे नदी अरुंद होते आणि प्रवाह अंगावर येतो. वळणाआड काही दिसत नव्हतं तिथे पायलटनी एक लांब दिला. पलीकडे कुणी असेल तर त्यानेही एक लांब द्यायचा. आम्ही सगळे गप्प. पलीकडून काही आलं नाही. मग वळण उलगडलं, खरंच कुणी नव्हतं. चार सेकंदांच्या आवाजानंतर ब्रिजवर जी शांतता पडली, ती मला त्या आवाजापेक्षा जास्त आठवते. सगळ्यांचे कान वळणापलीकडे गेले होते.

त्र्वा-रिव्हिएरला पायलट बदलले. त्यापुढे लाक सँ-पिएर. नाव सरोवराचं, पण सरासरी खोली जेमतेम ३ मीटर, मधून खणून काढलेली सरळ वाट. इथे मागून एक कंटेनर जहाज येत असल्याचं एआयएसवर, म्हणजे आसपासच्या जहाजांची नावं-वेग दाखवणाऱ्या यंत्रावर, दिसत होतं. २०० मीटरच्या पुढचं, आमच्यापेक्षा तीन-चार नॉटने वेगवान. सूर्य मावळला होता, दिवे लागले होते.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानेही माझ्याकडे बघितलं. हीच ती जागा. दोन लांब, दोन आखूड यायला हवे होते, आणि तेही ७० ते २०० हर्ट्झच्या खर्जात.

रेडिओ खरखरला. फ्रेंच. आमचे पायलट फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाले. पलीकडून "मेर्सी", म्हणजे आभार. संपलं.

कॅप्टननी लगेच विचारलं, "काय ठरलं?" पायलटनी इंग्रजीत सांगितलं : ते डावीकडून येतील, आपण थोडं उजवीकडे सरकून वेग कमी करू. कॅप्टननी मान डोलावली, पण मला त्यांचा चेहरा आवडला नाही. दोन जहाजांतला करार झाला आणि ज्याचं जहाज त्याला तो विचारून कळला. भोंग्याचं बरं असतं. त्याचं व्याकरण कॅप्टनला, सुखानीला, दुपारच्या होडीवाल्यालासुद्धा सारखंच लागू. तो एकाशी बोलत नाही, ऐकू येईल त्या सगळ्यांशी बोलतो.

मग ते जहाज आलं. आधी डाव्या काचेत त्याची नाळ, मग डब्यांची भिंत, पुढे पुढे सरकणारी, संपेचना. चॅनेलमध्ये ओव्हरटेक करणं समोरासमोर जाण्यापेक्षा वाईट का, ते आता कळलं : समोरचा अर्ध्या मिनिटात जातो, हा कितीतरी वेळ कुशीला कुशी लावून चालतो आणि तेवढा वेळ दोघांच्या मधलं पाणी दोघांना खेचत राहतं. सुखानीचा एरवीचा पाच अंशांचा खेळ वीसवर गेला. "पोर्ट ट्वेंटी." "मिडशिप्स." "स्टारबोर्ड टेन." डावीकडे वीस, मधोमध, उजवीकडे दहा. कंपासचा आकडा एक अंश सरकायचा, थांबायचा, उलट फिरायचा. त्याच्या मानेवर घाम होता आणि आवाज मात्र अगदी सपाट, प्रत्येक हुकूम परत सांगताना एकाच पट्टीत. शेवटी त्या जहाजाचा मागचा पांढरा दिवा दिसला आणि आमचं जहाज त्याच्या घुसळलेल्या पाण्यात एकदा हेलकावलं.

"नशीब," नवरा म्हणाला. मला समजलं तो माझ्या भोंग्याबद्दल म्हणतोय.

दिवस पाचवा : माँट्रियल

पहाटे साडेचार. जाक कार्तिए पुलाखाली पाणी नुसतं उकळल्यासारखं धावतं. तिथे अडवणारा प्रवाह अंगावर घेत जहाज मुंगीच्या पावलांनी वर चढलं. नवरा नाळेवर दोरांच्या कामाला गेला होता. मी ब्रिजच्या उघड्या बाजूला, कॅप्टन आणि पायलट यांच्या मागे. दोन टग आम्हाला चिकटल्या होत्या.

धक्का समोर आला. अंतर कमी होत होतं आणि मला तरी ते भराभर कमी होतंय असं वाटत होतं. नाळेवरून रेडिओवर नवऱ्याचा आवाज, "साठ मीटर... पन्नास..." घरी तो कधीच इतकं मोजूनमापून बोलत नाही.

"हाफ अस्टर्न," म्हणजे इंजिन अर्ध्या जोराने उलट, पायलट म्हणाले आणि त्यांनी भोंग्याकडे हात नेला. या वेळी मला कुणीतरी सांगितलं. सुखानी आतून ओरडला, "वहिनी, कान!"

मी कानांवर हात ठेवले. तीन आखूड.

इंजिन उलट चालतंय, एवढंच त्याचं सांगणं. जहाज मागे जातंय असं तो म्हणत नाही. खालून सगळं डेक थरथरत होतं, मागचं पाणी पुढे उसळून कुशीला लागत होतं, आणि १८० मीटरचं जहाज अजून पुढेच चाललं होतं.

"तीस," रेडिओ म्हणाला. "पंचवीस... पंचवीस."